पगारातून कापलेले दोनशे रुपये

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून गावी आला होता. नोकरीला लागून त्याला जेमतेम चार महिने झाले होते. रात्री जेवणं झाल्यावर त्यानं मोबाइलवर पगाराची पावती उघडली आणि माझ्यापुढं धरली. "मामू, बाकीचं सगळं समजलं. फंड समजला. हे दोनशे रुपये कसले कापतात दर महिन्याला? व्यवसाय कर म्हणे. मी ना डॉक्टर, ना वकील. नोकरमाणूस मी. माझा कसला आलाय व्यवसाय?"

मला हसू आलं. त्या दोनशे रुपयांचा आणि त्याच्या नानीचा, म्हणजे माझ्या अम्माचा, जुना संबंध आहे. तो त्याला सांगता सांगता साडेअकरा वाजले. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. एक कबुली आधीच देऊन ठेवतो. मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे, कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला अर्थशास्त्र माझा दुय्यम विषय होता आणि गुणही दुय्यमच पडले. पण रोजगार हमीच्या कामावर दोन हंगाम मी मस्टर लिहिली आहेत. गरिबीचं जे काही अर्थशास्त्र मला कळलं, ते पुस्तकातून थोडं आणि त्या मस्टरमधून जास्त.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, डोंगराकडेचं. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्या वयाचं काय लक्षात राहतं? सुकडीची गोड चव आठवते. लाल मिलोची भाकरी आठवते. ती थापताना चिरायची, मग अम्मा तव्यावरच तुकडे दाबून जोडायची. आणि रस्त्याच्या कडेला ओळीनं बसलेल्या बायका आठवतात. प्रत्येकीपुढं दगडांचा ढीग, हातात हातोडी. त्या ओळीत अम्मा होती. तोवर ती कामासाठी कधी घराबाहेर पडली नव्हती. खडी फोडताना एक घाव चुकून डाव्या अंगठ्यावर बसला आणि नख उभं दुभंगलं. ते तसंच वाढत राहिलं. लहानपणी माझा भाचा नानीच्या मांडीवर बसून त्या नखाशी चाळा करायचा. ते तसं का झालं, हे मात्र त्याला या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं.

आता यातली अर्थशास्त्राची गोष्ट अशी, की आमच्याकडं एक गुंठाही जमीन नव्हती. अब्बा कपडे शिवायचे. पाऊस पडला नाही तर शेतकऱ्याचं पीक जातं, हे कोणालाही कळेल. पण शिंप्याच्या घरात दुष्काळ का यावा? शेतात काम नाही म्हणून मजुराच्या हातात पैसा नाही. मजुराच्या हातात पैसा नाही म्हणून तो फाटकं नेसतो. तो फाटकं नेसतो म्हणून अब्बांची मशीन कापडाखाली झाकून ठेवलेली. बाजारात ज्वारी अजिबातच नव्हती असं नाही. चढ्या भावानं का होईना, मिळत होती. ती विकत घेणारा हात रिकामा होता.

हेच पुढं अमर्त्य सेन यांनी मोठ्या अभ्यासानं मांडलं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस-तीस लाख माणसं मेली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सेन यांनी दाखवलं, की तेव्हा बंगालमध्ये धान्याचा साठा संपलेला नव्हता. धान्य मिळवण्याची ऐपत ज्यांची संपली, ती माणसं मेली. शेतमजूर, कोळी, कारागीर. आपण दुष्काळ म्हणजे धान्याचा तुटवडा समजतो. गरिबासाठी तो आधी मजुरीचा तुटवडा असतो.

महाराष्ट्रात १९७२-७३ मध्ये बंगाल झालं नाही, याचं श्रेय सरकारनं काढलेल्या दुष्काळी कामांना जातं. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या घरात. म्हणजे दर दहा माणसांमागं एक जण, म्हातारीकोतारी आणि तान्ही पोरं हिशोबात धरूनसुद्धा. मजुरीचे रोख पैसे हातात पडू लागले तसं परमुलखातलं धान्य व्यापाऱ्यांमार्फत, काही उघड वाटांनी, काही चोरवाटांनी, गावच्या बाजारात येऊ लागलं. अब्बा सांगायचे, पंधरवड्याचा पगार वाटला की दुसऱ्या दिवशी कोणी ना कोणी एखादं झंपर टाके घालायला घेऊन यायचंच. मशीनवरचं कापड निघायचं. सरकारनं खडी फोडणाऱ्या बाईला पैसे दिले आणि त्यातले चार-आठ आणे शिंप्याच्या घरी आले, असा हा पैशाचा प्रवास.

दुष्काळात कामं काढण्याची पद्धत इंग्रजांपासूनची. पण तेव्हाचा हिशोब निराळा होता. १८७७ साली मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर सर रिचर्ड टेंपल यांनी माणशी दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि वर थोडे सुटे पैसे असा दर लावला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध आवाज उठवला, मजुरांनी कामं सोडली. माणूस मरू नये एवढंच द्यायचं आणि तेही सरकारच्या मर्जीनं, ही ती दृष्टी. दुष्काळ जाहीर झाला तर काम. पाऊस पडला की काम बंद. जणू गरिबी पावसाबरोबरच येते आणि पावसाबरोबरच जाते.

हे बदलावं असं ज्यांच्या डोक्यात होतं, ते वि. स. पागे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याचे. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ च्या सुमारास त्यांनी आपल्या भागात एक छोटा प्रयोग करून पाहिला: जो काम मागेल त्याला काम द्यायचं. १९७२ मध्ये ही योजना राज्यभर लावायचं ठरलं, तोच दुष्काळ आला आणि सगळी यंत्रणा दुष्काळी कामांत बुडाली. दुष्काळ सरल्यावर ती पुन्हा सुरू झाली. १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खेड्यातल्या प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं तर सरकारनं ते पंधरा दिवसांत द्यायचं. दुष्काळ असो वा नसो. देता आलं नाही तर बेकारभत्ता द्यायचा. भत्ता अगदीच नाममात्र, दिवसाला एक रुपया. पण तो रुपया म्हणजे सरकारनं आपण चुकलो हे लिहून देणं होतं.

याला पैसा कुठून आणायचा? इथं माझ्या भाच्याच्या दोनशे रुपयांची गोष्ट सुरू होते. १९७५ साली राज्यानं व्यवसाय कर बसवला. शहरातला नोकरदार, दुकानदार, डॉक्टर, वकील यांच्याकडून थोडं थोडं घ्यायचं. त्याच्या जोडीला विक्रीकरावर, वाहनकरावर, बागायती जमिनीवर जादा भार. या करांतून जेवढं जमा होईल तेवढीच रक्कम सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. मुंबईच्या माणसानं बीडच्या खडीचे पैसे द्यायचे, असा तो करार. शहरानं तो मुकाट्यानं मानला, यात नुसता दयाभाव नव्हता. दुष्काळात गावंच्या गावं शहराच्या फुटपाथवर उतरलेली लोकांनी पाहिली होती. माणसाला गावात काम मिळालं तर त्याला शहराची वाट धरावी लागत नाही, हा साधा हिशोब शहरालाही पटण्यासारखा होता. पुढं हा पैसा जमा होत राहिला आणि सगळाच्या सगळा रोजगार हमीवर खर्च होत नाही अशी टीकाही वर्षानुवर्षं होत राहिली. भाच्याला मी तेही सांगितलं. कर भरणाऱ्याला दोन्ही बाजू कळल्या पाहिजेत.

या योजनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. गरीब कोण, हा प्रश्न ती विचारतच नाही.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये हिशोब मांडला, की माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा तरी खर्च करता आला पाहिजे. त्या हिशोबानं १९६०-६१ साली खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली होते. देशात किती गरीब आहेत हे समजण्यासाठी अशी रेषा हवीच. घोटाळा होतो तो ती रेषा गल्लीत आणून एकेका दारावर ओढायला लागल्यावर. २०११ मध्ये नियोजन आयोगानं सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यासाठी २६ रुपये असे आकडे दिले, तेव्हा देशभर गदारोळ झाला. मला त्या गदारोळापेक्षा दुसरीच गोष्ट वाटली. सत्तावीस रुपये खर्च करणाराला ओळखणार कसं? त्याच्या कपाळावर काय लिहिलेलं असतं?

आपल्या राज्यात १९९९ मध्ये तीन रंगांची रेशनकार्डं आली. वर्षाचं उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत असेल तर पिवळं, त्यापुढं एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. अब्बांची मिळकत पावतीविना चालणारी. ईदला आणि दिवाळीला चार पैसे, श्रावण-भाद्रपदात शून्य. तिचा वार्षिक आकडा कोण काढणार? कोणीतरी अंदाजानं काढला आणि आम्ही केशरी झालो. गावात ज्याच्या दारात ट्रॅक्टर होता त्याचं कार्ड पिवळं निघालं. लबाडी होती, हे तर झालंच. पण एकही माणूस लबाड नसता तरी ही चूक व्हायचीच. गरिबी हलत असते. औताचा बैल मेला, घरातलं माणूस दवाखान्यात पडलं, की घर एका महिन्यात रेषेखाली जातं. यादी मात्र पाच-दहा वर्षांतून एकदा होते.

रोजगार हमीनं ही यादीच काढून टाकली. मे महिन्याच्या उन्हात आठ तास माती खणायला जो तयार आहे, त्याला त्या मजुरीची गरज आहे, एवढं पुरे. ट्रॅक्टरवाला काही टिकाव घेऊन येत नाही. दाखला नको, रंग नको, जातीची-धर्माची चौकशी नको. मुकादमाच्या ओळखीशिवाय बाईला काम मिळतं आणि खोदलेल्या मातीचं माप तिचंही तेच, त्याचंही तेच. कामावर निम्म्याच्या आसपास बाया असायच्या, त्याचं कारण हे. अर्थात या चाळणीला एक निर्दय बाजूही आहे. ज्याच्या अंगात खणायची ताकद उरलेली नाही, तो सगळ्यांत गरीब माणूस या दारातून आत येऊच शकत नाही. म्हाताऱ्याला, अपंगाला, एकट्या आजारी बाईला निवृत्तिवेतनच पाहिजे. तिथं काम देतो म्हणणं ही थट्टा होईल.

आता माझ्या मस्टरकडे येतो.

बी.ए. झालो १९८८ साली. दुसरी नोकरी मिळेना, म्हणून हजेरी सहाय्यक म्हणून लागलो. पाझर तलावाचं काम होतं. सकाळी सातला पोचायचं, नावं पुकारायची, मस्टरवर खुणा करायच्या, चौकड्यांची मापं घेताना मिस्त्रीबरोबर उभं राहायचं. पगाराच्या दिवशी शाईचा पॅड आणि अंगठे. संध्याकाळी माझी बोटंही निळी व्हायची.

त्याच वर्षी, म्हणजे १९८८ मध्ये, रोजगार हमीची मजुरी जवळपास दुप्पट झाली होती. किमान वेतनाएवढी मजुरी द्यावी लागेल असं ठरल्यामुळं. उत्तमच झालं. मजूर खूश, आम्ही खूश. पण दर दुप्पट झाला तरी पैशाची तरतूद त्या मानानं वाढली नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचा अर्थ आमच्या लक्षात आला. नवी कामं निघेनात. असलेल्या कामावर माणसं घेऊ नका, अर्जही घेऊ नका, अशी वरून तोंडी सूचना आली. लेखी नाही, तोंडी.

धनगरवाड्यावरची एक मावशी आली. कडेवर पोर. म्हणाली, "भाई, माझं एकटीचं नाव लिवा. एकानं काय हुतंय?" मी सांगितलं, यादी भरली, सोमवारी या. ती सोमवारी आली. मी म्हटलं, पुढच्या सोमवारी बघू. ती तेव्हाही आली. वाड्यापासून तलाव कोसभर तरी असेल. तिसऱ्या सोमवारी मी मान वर करायच्या आधीच ती माझ्याकडं न बघता पोराला पाणी पाजून परत निघाली.

घरी आल्यावर मी अम्माला हे सांगितलं. वाटलं, ती मला धीर देईल. पोरगा कारकुनीला लागला याचा तिला कोण अभिमान. तिनं विचारलं, "अर्जी ली उसकी?"

"नाही."

"कागद दिया कुछ?"

"नाही."

"फिर वो आई थी, इसका सबूत क्या?"

अम्माला अक्षरओळख नव्हती. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मी जे वाचलं नव्हतं, ते तिनं तीन प्रश्नांत विचारलं. काम मागायचा अर्ज म्हणजे नमुना चार. तो घेतला की तारखेची पोच द्यावी लागते. पोच दिली की पंधरा दिवस मोजायला सुरुवात होते. पंधरा दिवसांत काम दिलं नाही, तर भत्ता देणं लागतो. सगळा कायदा त्या चिटोऱ्यावर उभा आहे. अर्ज घेतलाच नाही, तर सरकारदरबारी ती बाई आलेलीच नसते. कागदावर आमच्या भागात कामाची मागणी नव्हती. अहवालात तसंच गेलं असणार, आणि ते मस्टर माझ्या हातचं होतं.

त्या दिवाळीच्या आधी कळलं, की तिच्या नवऱ्यानं ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम अर्ज मागत नाही, पंधरा दिवस लावत नाही. पैसे त्याच दिवशी हातावर ठेवतो. मग सहा महिने तो म्हणेल त्या फडात, तो म्हणेल त्या दरानं. बैलगाडीत भांडीकुंडी, वर कोंबड्यांची पाटी, मागं पोरं. शाळा सुटली ती सुटलीच. बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे चित्र सांगायची गरज नाही. मी त्या वर्षी या विषयावर एक कविता लिहिली होती. ती फार वाईट होती. खरं तर तिला एक पोच द्यायला हवी होती, कविता नव्हे.

मला वाटायचं, ही आमच्याच तालुक्याची कथा. पुढं १९९३ मध्ये मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९८८ च्या दरवाढीनंतर महाराष्ट्रातल्या रोजगार हमीत काम मागणाऱ्या सगळ्यांना काम मिळेनासं झालं, हमी पातळ झाली, असा त्यांचा निष्कर्ष. काही जण यावरून म्हणतात, की दर वाढवायलाच नको होता. मला ते पटत नाही. अर्ध्या मजुरीवर सगळ्यांना राबवणं ही काही हमी नव्हे. दर वाढवला तेव्हा त्याच दमात पैसाही वाढवायला हवा होता. तो न वाढवता माणसं कमी केली, आणि ती गुपचूप कमी केली. चूक दरात नव्हती.

या योजनेवरचे आक्षेप मला माहीत नाहीत असं नव्हे. मेलेल्या माणसांची नावं मस्टरवर असायची. एका पावसात वाहून जाणारे रस्ते झाले. खड्डे खणायचे आणि बुजवायचे, अशी तिची टवाळी झाली. पण त्याच योजनेतून पाझर तलाव आणि नालाबांध झाले, आणि १९९० पासून तिला फळबागांची जोड मिळाल्यावर कोरडवाहू रानांत बोरी, डाळिंबं, सीताफळं उभी राहिली.

शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं वेगळं: या कामांमुळं आम्हाला मजूर मिळत नाही. तीन एकरवाल्याचं हे म्हणणं खोटं नाही. सोयाबीन शेंगेतून फुटायला लागल्यावर त्याचा जीव जातो. पण दुसऱ्या बाजूनंही बघावं लागतं. गावात काम देणारा एकच असेल तर मजुरीचा दर तोच ठरवतो. दुसरं काम हाताशी असलं, मग ते प्रत्यक्षात केलं नाही तरी, मजुराला "एवढ्यात जमणार नाही" असं म्हणता येतं. हे तीन शब्द बोलता येणं म्हणजे मजुरी वाढणं. रोजगार हमीचा निम्मा फायदा असा, तिच्या कामावर कधी न गेलेल्यांनाही मिळतो.

महाराष्ट्राची ही कल्पना पुढं देशानं उचलली. २००५ साली संसदेनं राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ ला तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला, १ एप्रिल २००८ पासून देशातल्या सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत. २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचं नाव मिळालं. प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम, ठेकेदाराला बंदी, गावासमोर हिशोब तपासणी. मी ते वाचताना सगळ्यात आधी पोच शोधली. अर्जाची तारीखवार पोच द्यायची, असं तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं. अम्मा तेव्हा हयात होती. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "लिखा है तो देना पडेगा."

दिली किती ठिकाणी, हा पुन्हा वेगळा विषय. शंभर दिवसांचा कायदा असून दर कुटुंबामागं सरासरी पन्नासेक दिवसच काम मिळत राहिलं. मजुरी कधी दोन-दोन महिने अडकली. २०२३ पासून हजेरी मोबाइलच्या ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होऊ लागली. खोटी मस्टरं लिहिली जाताना मी पाहिली आहेत, तेव्हा ॲपला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण डोंगराआड रेंज नसली की दिवसभर खणलेल्या बाईचा दिवस बुडतो. मुक्या मस्टरपुढं ती निदान माझ्याशी भांडू तरी शकत होती. आणि तरीही २०२०-२१ मध्ये, टाळेबंदीत शहरातून लाखो माणसं चालत गावी परतली, तेव्हा या योजनेनं साडेसात कोटी कुटुंबांना काम दिलं. त्या एका वर्षात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस भरले. १९७३ चा उन्हाळा ज्यांनी पाहिला होता त्यांना याचं नवल वाटलं नाही.

२०२५-२६ साठी महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये ठरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेनं जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १०० दिवसांचे १२५ दिवस केले आहेत, आणि हे वाढलेले पंचवीस दिवस स्वागतार्हच आहेत. पेरणी-काढणीच्या हंगामात मिळून ६० दिवस कामं बंद ठेवण्याची तरतूदही आहे. शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्याला दिलेलं ते उत्तर. मजूर "एवढ्यात जमणार नाही" असं ज्या दिवसांत म्हणू शकला असता, नेमके तेच हे दिवस, एवढं मी नोंदवून ठेवतो. मात्र माझं लक्ष अडकलं ते पैशाच्या कलमावर. जुन्या कायद्यात मजुरीचा भार केंद्राचा होता आणि मागणी येईल तसा पैसा द्यायचा, असं तत्त्व होतं. नव्यात बहुतेक राज्यांत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. शिवाय कोणत्या राज्याला किती हे केंद्र आधीच ठरवणार आणि त्यावरचा खर्च राज्यानं सोसायचा. म्हणजे आधी रक्कम, मग अर्ज.

राज्याची तिजोरी तंग असेल आणि ठरलेली रक्कम फेब्रुवारीतच संपली, तर मार्चमध्ये कामावर आलेल्या बाईचं काय होईल? कायदा तिला काम नाकारणार नाही. तिला नाही म्हणायचं काम तालुक्याच्या खाली कुठंतरी, तिशीच्या आतल्या, नुकत्या लागलेल्या एखाद्या पोराकडं येईल. त्यालाही तोंडी सूचना असेल. मी त्या खुर्चीत बसलेलो आहे, म्हणून सांगतो: त्या वेळी अर्ज न घेणं फार सोपं असतं.

भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नानीनं फोडलेली खडी कुठं आहे?" मी म्हटलं, तू एस.टी.नं आलास तो रस्ता. त्यावर आता डांबराचे चार-पाच थर चढलेत. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझी मोटारसायकल घेऊन पाझर तलावाकडं जाऊन आला. तलाव गाळानं निम्मा भरलाय, बांधावर बाभळी वाढल्यात. पण खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी होतं, म्हणाला.

फेब्रुवारीचा पगार झाला तेव्हा त्याचा पुण्याहून फोन आला. "मामू, या महिन्यात दोनशेचे तीनशे कापले."

मी म्हटलं, "वर्षाचे अडीच हजार भरायचे असतात. अकरा महिने दोनशेप्रमाणं बावीसशे होतात. उरलेले तीनशे फेब्रुवारीत घेतात."